ज्याचे सोने त्याला

आश्विन शुद्ध प्रतिपदेची पहाट. बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या तुळजापुरात जगदंबेची घोर निद्रा संपलेली असते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून शेजघरात निजलेली आई भवानी पुन्हा सिंहासनावर आरूढ होते, संबळाचा नाद घुमू लागतो आणि धाराशिव जिल्ह्यातील गावोगावच्या देवघरांत घट बसविण्याची लगबग सुरू होते. कोठे शेतातील काळी माती चाळून परडीत भरली जाते, कोठे धान्य निवडले जाते, कोठे नऊ दिवस अखंड तेवणाऱ्या नंदादीपाची वात वळली जाते. तुळजापुरातून पेटविलेली भवानीज्योत हाती घेऊन तरुणांचे जथे अनवाणी आपापल्या गावाकडे धावत सुटतात.

या मंगल गर्दीत दरवर्षी काही ना काही हरवतेच. कल्लोळ तीर्थात स्नान करताना गार पाण्याने बोटे आकसतात आणि सैल झालेली अंगठी नकळत निसटते. गोमुखाखाली ओंजळ धरताना जोडवे गळते. नऊ दिवसांच्या उपवासाने हात वाळतात आणि एरव्ही साबण लावल्याशिवाय न निघणारे वळे आपोआप उतरते. आईच्या बोटाच्या मापाची अंगठी लेकीच्या बोटात असली, म्हणजे तर विचारावयासच नको. सोने हरपले की सणाच्या घरावर क्षणात सावट येते. वडीलधारी मंडळी ‘अपशकुन’ म्हणून हळहळतात, लेकीसुनांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते आणि पाहता पाहता घरातील नजरा एकमेकींना चुकवू लागतात.

या शेवटच्या गोष्टीविषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत. दसऱ्याला आपण एकमेकांना ‘सोने घ्या’ म्हणतो. हरवलेले सोने सापडते कसे, ते परत कोणाला करावयाचे असते आणि ते परत करताना आणखी काय परत करावे लागते, याचा विचार सीमोल्लंघनाच्या या पर्वावर अस्थानी ठरणार नाही.

आमच्या घरचा घट

काही वर्षांपूर्वीच्या नवरात्रातील गोष्ट. तुळजापूर तालुक्यातील आमच्या गावी थोरल्या वाड्यात घट बसतो. त्या वर्षी माती कालविण्याचा मान धाकट्या जाऊबाईंचा होता. सासूबाई आदल्या वर्षीच देवाघरी गेल्या होत्या. त्यांच्या हातची पाव तोळ्याची, मधोमध लहानसे फूल कोरलेली अंगठी त्यांनी शेवटच्या आजारात जाऊबाईंच्या बोटात घातली होती. सोन्याच्या भावाने तिची किंमत फार नव्हती. परंतु चाळीस वर्षे त्या अंगठीच्या हाताने आम्हांला वाढले होते, दृष्ट काढली होती आणि प्रसंगी गालावर चापटही दिली होती.

घटस्थापना झाली, आरती झाली, फराळ झाला आणि दुपारी भांडी आवरताना जाऊबाई एकाएकी थबकल्या. बोट मोकळे होते.

मग शोध सुरू झाला. न्हाणी उपसली, मोरीचे पाणी गाळले, धान्याची पोती उलटी केली, गाईच्या गव्हाणीतील कडबा काडी काडी करून पाहिला. देवघरही झाडून पाहिले. मात्र घटाला हात लावण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. एकदा बसलेला घट नऊ दिवस हलवावयाचा नाही, ही रीत पिढ्यान्पिढ्यांची.

सायंकाळ होता होता वस्तूंचा शोध संपला आणि माणसांचा सुरू झाला. आमच्याकडे गेली अकरा वर्षे धुणेभांडी व झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. सकाळी अंगण व देवघराचा ओटा त्यांनीच सारविला होता. मी घरातील थोरली. मीच त्यांना विचारले, “मावशी, तुम्हांला कुठं अंगठी दिसली का हो?”

शब्द साधे होते. आवाज साधा नव्हता. मावशींनी एकवार माझ्याकडे पाहिले. हातातील खराटा भिंतीशी टेकविला, पदराची गाठ सोडली आणि पदर माझ्यासमोर पसरला. त्यात दोन नाणी आणि देवीच्या अंगाऱ्याची एक पुडी होती. “बघा वैनी,” एवढेच त्या म्हणाल्या.

मी घाईघाईने “तसं नव्हे हो” म्हणाले. पण ते तसेच होते. तिसऱ्या माळेपर्यंत मावशी खाली मान घालून काम करीत राहिल्या. चौथ्या माळेला त्यांनी निरोप पाठविला की, यापुढे येणे जमणार नाही. गावात कोणी काही विचारले नाही, म्हणजेच सर्वांना समजले होते. घटातील धान हिरवेगार उगवून आले. माझ्या मनात मात्र त्या पसरलेल्या पदराखेरीज दुसरे काही उगवत नव्हते.

मुद्रिका आणि कोळी

अंगठी हा आपल्या परंपरेत केवळ अलंकार नाही. ती ओळखीची खूण आहे. श्रीरामांनी मारुतीरायाच्या हाती मुद्रिका दिली ती याचसाठी की, अशोकवनातील सीतामाईने आलेला दूत आपल्याच स्वामीचा आहे हे ओळखावे. समुद्र लंघून गेलेल्या हनुमंताने ती ठेव जिची तिला पोचविली आणि परत येताना सीतामाईचा चूडामणी आणून रामचरणी ठेवला. दुसऱ्याची वस्तू प्राणापलीकडे जपावी आणि ज्याची त्याच्या हाती द्यावी, याचा याहून थोर आदर्श कोणता?

दुसरी कथा कविकुलगुरू कालिदासाच्या शाकुंतलातील. महाभारतातील मूळ आख्यानात अंगठी नाही; ती कालिदासाची योजना. शचीतीर्थाला वंदन करताना शकुंतलेच्या बोटातून दुष्यंताची मुद्रिका पाण्यात पडते. म्हणजे तीही तीर्थावरच हरवली! मुद्रिकेबरोबर तिची ओळखही हरपते. पुढे एका कोळ्याला रोहित माशाच्या पोटात ती सापडते. शाकुंतल आठवताना आपण दुष्यंताचा पश्चात्ताप आठवतो, शकुंतलेचे दुःख आठवतो. या कोळ्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. राजनामांकित मुद्रिका विकावयास आणली, एवढ्यावरून रक्षक त्याला मुसक्या बांधून नेतात. त्याच्या धंद्याची टवाळी करतात, त्याला मारण्यास त्यांचे हात शिवशिवतात. तो बिचारा पुनःपुन्हा सांगत राहतो की, हिची प्राप्ती अशी अशी झाली. ते खरे आहे, हे राजाने मुद्रिका पाहिल्यावरच इतरांना पटते. राजा त्याला मुद्रिकेच्या मोलाइतके धन देतो आणि तो कोळी त्यातील अर्धे त्याच रक्षकांना देऊन टाकतो.

लहानपणापासून ही कथा मी अनेकदा ऐकली होती. रक्षकांच्या जागी स्वतःला पाहण्याची वेळ मात्र त्या नवरात्रात आली.

शास्त्र काय सांगते, कायदा काय सांगतो

हरवलेल्या वस्तूचा विचार आपल्या धर्मशास्त्राने मोठ्या बारकाईने केला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे की, ज्याचा मालक ठाऊक नाही असे धन राजाने तीन वर्षे ठेव म्हणून सांभाळावे. ‘ते माझे आहे’ असे म्हणत येणाऱ्याने त्या वस्तूचे रूप, संख्या, ती कोठे व केव्हा हरवली हे बिनचूक सांगावे, मगच ती त्याला मिळावी. खोटा हक्क सांगणारा त्या वस्तूच्या मोलाइतक्या दंडास पात्र होतो. सांभाळण्याबद्दल राजाने सहावा, दहावा किंवा बारावा हिस्सा घ्यावा, अशीही मुभा तेथे आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत हीच मुदत एक वर्षाची आहे. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही सुविख्यात टीका विज्ञानेश्वरांनी चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या राजवटीत कल्याणी येथे लिहिली. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. आपल्या उमरगा तालुक्याच्या शेजारचेच गाव. एवढा मोठा न्यायविचार आपल्या उंबरठ्याशी घडला, याचा अभिमान वाटावयास हवा.

आजचा कायदाही यापासून फार दूर नाही. १८६० च्या भारतीय दंडविधानातील कलम ४०३ मध्ये अप्रामाणिकपणे दुसऱ्याची वस्तू आपलीशी करण्याचा गुन्हा सांगितला होता आणि तो समजावण्यासाठी जी उदाहरणे दिली होती, त्यांत योगायोगाने एक अंगठीचेच होते. कोणा एकाला मौल्यवान अंगठी सापडते. ती कोणाची हे त्याला ठाऊक नाही. मालकाचा शोध घेण्याचा कोणताही प्रयत्न न करता तो ती ताबडतोब विकून टाकतो. कायदा म्हणतो, हा मनुष्य अपराधी. ते दंडविधान आता इतिहासजमा झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये हाच गुन्हा सांगितला आहे. दुसरीकडे १८७२ च्या करार कायद्याने सापडवणाऱ्याचाही सन्मान राखला आहे. सापडलेली वस्तू जपणे हे त्याचे कर्तव्य आणि मालकाने बक्षीस जाहीर केले असेल, तर ते मागणे हा त्याचा हक्क.

शास्त्र आणि कायदा दोहोंचे सांगणे एकच की, सापडली म्हणून वस्तू आपली होत नाही. ती आपल्याकडे ठेव म्हणून आलेली असते.

ज्यांचा मालक उरला नाही

परंतु मालकच उरला नसेल तर? आपल्या जिल्ह्याने या प्रश्नाची दोन रूपे पाहिली आहेत.

पहिले रूप तेरचे. संतश्रेष्ठ गोरोबाकाकांच्या समाधीने पावन झालेले हे तेरणाकाठचे गाव म्हणजे प्राचीन तगर नगर. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर, असा त्याचा उल्लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात आहे. गावातील टेकाडांतून पावसाळ्यानंतर मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, नाणी वर येत. ती कोणाची? ज्या हातांनी ती ल्यायिली, ते हात केव्हाच मातीत मिसळलेले. याच गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर चिकाटीने गोळा केल्या. पुढे तो अमोल संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला आणि आज त्यांच्या नावाच्या संग्रहालयात तो सर्वांसाठी खुला आहे. मालक उरला नाही, तेव्हा वस्तू साऱ्या समाजाला परत करण्यात आली. १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्यानुसारही जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे सापडवणाऱ्यावर बंधनकारक आहे. हौसेखातर अशा टेकाडांवर यंत्रे घेऊन खणणे म्हणूनच अयोग्य. जागेवरून उपटलेली वस्तू मुकी होते. ती कोणत्या थरात, कशाशेजारी पडली होती, यातच तिची साक्ष असते.

दुसरे रूप आठवले की अजूनही मन चरकते. ३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जनाच्या रात्री दमून निजलेल्या लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावांवर पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने घाला घातला. सास्तूरसारख्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती निजल्या माणसांवर कोसळल्या. हजारो जीव गेले. त्या ढिगाऱ्यांखाली माणसांबरोबर अवघे संसार गाडले गेले: कोणाची मंगळसूत्रे, कोणाची जोडवी, बारशाला घातलेली बाळलेणी. ढिगाऱ्यातून निघालेली वस्तू ‘ही आमची’ असे सांगणारेच अनेक घरांत मागे राहिले नव्हते. ज्यांना एखादा डाग परत मिळाला, त्यांच्या लेखी त्याचे मोल कोणत्या तराजूत करावे? संतांना सोने मातीसमान वाटते, ही त्यांची थोरवी. परंतु दुसऱ्याचे सोने मातीसमान मानण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यात कोणाची आई असते, कोणाचे कुंकू असते.

यंत्राची किमया

आता पुन्हा आमच्या वाड्याकडे वळू. दसरा झाला. तुळजापुरात बुऱ्हाणनगरच्या पालखीतून आईचे सीमोल्लंघन झाले आणि ती पलंगावर श्रमनिद्रेसाठी विसावली. घरोघर घट उठले. आमच्याही घरच्या पुरुषांनी धान फेट्यांत खोवले, आपट्याच्या पानांची देवघेव झाली. अंगठीचा विषय कोणी काढीत नव्हते. दरवर्षी दसऱ्याच्या संध्याकाळी पहिले सोने द्यावयास मावशी येत. त्या वर्षी त्या आल्या नाहीत.

त्रयोदशीच्या दिवशी जाऊबाईंचा भाचा कोजागिरीसाठी आला. वीजतंत्राचे शिक्षण घेतलेला हा मुलगा शेतात गाडल्या गेलेल्या जुन्या लोखंडी पाइपलाइनी व व्हॉल्व्ह शोधून देण्याचे काम करी. त्यासाठी त्याच्याजवळ एक धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर होते. मोठ्या देवस्थानांच्या द्वारांशी बंदोबस्ताचे पोलीस भाविकांच्या अंगावरून जे फिरवितात, त्याच जातीचे. फक्त लांब दांड्याचे आणि खाली ताटलीसारखे चक्र असलेले.

याचे शास्त्र त्याने आम्हांला समजावून सांगितले. चक्रात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून दिशा पालटत राहणारा विद्युत्प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते जमिनीत शिरून धातूवर पडले की धातूतही सूक्ष्म प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात आणि त्यांचे उलट क्षेत्र चक्राला जाणवते. मग यंत्र वाजते. अंगठी ही अखंड कडी असल्याने प्रवाहाला फिरावयास सलग वाट मिळते, म्हणून ती चांगली साद देते. तीच तुटलेली असेल, तर साद क्षीण होते. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते. आपल्याकडील काळ्या मातीत खडकाच्या झिजेतून आलेले लोहकण असतात, त्यामुळे यंत्र उगाच कुरकुरते. आधी त्या जमिनीशी त्याचा तोल साधून घ्यावा लागतो. शिवाय सोन्याची बारीक अंगठी आणि तंबाखूच्या पुडीचा चंदेरी कागद यांचे आवाज पुष्कळदा सारखेच येतात. “यंत्र फक्त ‘इथं काहीतरी आहे’ म्हणतं,” तो म्हणाला, “काय आहे, ते उकरूनच बघावं लागतं.”

या यंत्राच्या जन्मकाळची एक हकिकतही त्याने सांगितली. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच एक यंत्र तयार केले. परंतु गोळी उजव्या बाजूस आहे, असे प्रमुख डॉक्टरांचे ठाम मत होते आणि त्यांनी शोध तेवढ्याच बाजूस घेऊ दिला. त्यातच बिछान्यातील पोलादी तारांनी घोटाळा केला. गोळी सापडली नाही, अध्यक्ष वाचले नाहीत आणि शवचिकित्सेत ती डावीकडे निघाली. यंत्रात खोट नव्हती. जेथे संशय आधीच बसला होता, तेथेच ते फिरविले गेले.

ते ऐकून मी उठून स्वयंपाकघरात गेले.

दुसऱ्या महायुद्धात पेरलेले सुरुंग हुडकण्यास या यंत्रांचा उपयोग झाला. पाश्चात्त्य देशांत आज कित्येक हौशी मंडळी समुद्रकिनाऱ्यांवर ती घेऊन फिरतात आणि वाळूत हरवलेल्या लग्नाच्या अंगठ्या शोधून ज्याच्या त्याला परत करतात. त्यासाठी ‘द रिंग फाइंडर्स’ नावाची मंडळीही आहे. ज्या यंत्राने मृत्यू हुडकावयाचा, त्यानेच कोणाचे सौभाग्यलेणे परत करावयाचे, हा मानवी बुद्धीचा शुभ उपयोग म्हणावा लागेल.

मुळांच्या जाळ्यात

भाच्याने अंगणाच्या एका टोकापासून ओळीने शोध सुरू केला. प्रथम चार चुका निघाल्या, मग बैलाच्या नालेचा तुकडा, बाटलीचे बूच, वासराच्या गळ्यातील घुंगरू. दोन तास गेले. पोरेटोरे कंटाळून पांगली. परसातील पारिजातकाच्या बुंध्याशी यंत्र पुन्हा वाजले. घट उठविल्यावर धानासहित ती माती आम्ही तेथेच ठेवतो, पायदळी येऊ नये म्हणून. सुकत चाललेल्या पिवळ्या अंकुरांचा तो गड्डा भाच्याने हलकेच उचलला आणि चक्रासमोर धरला. साद आली. जमिनीवर चक्र धरले, साद नाही.

त्याने गड्डा जाऊबाईंच्या हाती दिला. त्यांनी बोटांनी तो उकलला. गव्हाच्या पांढऱ्या मुळांचे दाट जाळे आणि त्या जाळ्याच्या ऐन मध्यावर सासूबाईंची अंगठी. माती कालविताना ती ओल्या हातातून निसटली होती. वर नऊ दिवस दिवा तेवत होता, माळांवर माळा चढत होत्या, आम्ही आरत्या म्हणत होतो, आणि ती हातभर अंतरावर घटाखाली होती. मुळे तिच्या कडीतून आरपार गेली होती.

जाऊबाई हुंदका देऊन रडू लागल्या. भाच्याला पैसे देऊ केले, तेव्हा त्याने कानांना हात लावले. सर्व जण आनंदले. मला मात्र आनंद पुरता होईना. अंगठी सापडली होती. जे मी हरविले होते, ते कोणत्याही यंत्राने सापडणारे नव्हते.

दसऱ्यानंतरचे सोने

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी जावा मावशींच्या घरी गेलो. गावाच्या दक्षिणेस वस्तीच्या टोकाला त्यांचे दोन खणांचे घर. मी बरोबर आपट्याची पाने घेतली होती. दसरा उलटून तीन दिवस झाले होते. पण दुसरे काय न्यावे, हे मला सुचले नव्हते. मावशी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. आम्हांला पाहून त्या उठल्या, पीठ लागलेले हात पुसले, घोंगडे अंथरले.

“मावशी, अंगठी घटाच्या मातीत सापडली,” मी म्हणाले. आणखी बोलावयाचे ठरविले होते, ते सारे घशाशीच राहिले. मी पाने त्यांच्या हातावर ठेवली आणि खाली वाकून नमस्कार केला. त्या मागे सरल्या, “असं करू नका वैनी,” म्हणाल्या. मग थोड्या वेळाने पाने कपाळाला लावून पदराच्या गाठीत बांधीत त्या म्हणाल्या, “आईपुढंच होती म्हणायची. बरं झालं, मिळाली. थोरल्या आईंची होती.”

त्यांनी चहा केला. आम्ही प्यालो. निघताना मी विचारले, “उद्यापासून याल ना?” मावशी हसल्या, उत्तर दिले नाही. त्या पुन्हा आमच्या कामाला आल्या नाहीत. दसऱ्याला सोने द्यावयास मात्र पुढल्या वर्षापासून मी त्यांच्या घरी जाते. पहिली दोन वर्षे त्या अवघडत. आता वाट पाहतात.

वाचकहो, नवरात्राच्या धांदलीत तीर्थावर जाताना अंगठ्या काढून घरी ठेवाव्यात, माती कालविण्यापूर्वी हात मोकळे करावेत, हे सांगावयास मोठ्या लेखाची गरज नव्हती. एवढे करूनही काही हरवलेच, तर आधी सर्व ठिकाणी पाहावे, घट उठेपर्यंत धीर धरावा. माणसाला विचारण्याची वेळ सर्वांत शेवटी यावी आणि ती आलीच, तर प्रश्न आपल्या सख्ख्या बहिणीला विचारावा त्या आवाजात विचारावा. सापडलेले सोने ज्याचे त्याला देणे सोपे असते. कोणाचे हिरावलेले नाव परत करावयाचे असेल, तर त्याच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी जावे लागते आणि ते दर वर्षी जावे लागते.

यंदाही आपट्याची पाने आणून ठेवली आहेत. त्यांतील पहिले पान कोणासाठी, हे आता घरातील लेकरांनाही ठाऊक आहे.